दहा दिवसांच्या ड्यूटीचा सौदा

एकाहत्तरची लढाई संपली तरी तिकडचे कैदी आपल्या छावण्यांतच पडून होते. आधी नव्या देशाला मान्यता द्या, मग माणसं सोडू. आधी माणसं सोडा, मग वकिलाती उघडू. दोन सरकारांचा हा बाजार चालला होता आणि मी विलायतेत, हाउन्सलोच्या घरात बसून दोघांनाही शिव्या घालत होतो. रविवारी आमच्याकडे जमणारे मराठी डॉक्टर पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगायचे की एकही कैदी फुकट सोडता कामा नये. एनसीसीच्या परेडलासुद्धा दांड्या मारलेले हे सेनापती! मी त्यांची यथेच्छ टर उडवायचो. आपण यांच्यातले नाही, अशी माझी खात्री होती.

हॉस्पिटलात भूल देणारे रजिस्ट्रार आम्ही दोघंच, मी आणि एक लाहोरचा. गोऱ्या साहेबांना आमच्यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही. आमचा एक रिवाज होता. दिवाळीला माझी ड्यूटी तो करायचा, ईदला त्याची मी. लढाईनंतर ते बंद पडलं. भांडण झालं नाही, कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागलो, एवढंच. सरकारं पगार घेऊन जे करत होती ते आम्ही हौसेनं करत होतो.

त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात तो माझ्याकडे आला. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षं भारतातल्या छावणीत होता. आता सुटका सुरू झाली होती आणि भावाचं नाव लवकरच्या गाडीच्या यादीत होतं. आई थकलेली, सीमेवर एकटी जाऊ शकणार नव्हती. त्याला दहा दिवसांची रजा हवी होती, आणि मी त्याच्या ड्यूट्या घेतल्या तरच साहेब ती देणार होते.

आता माझं सांगतो. माझा मावसभाऊ त्याच लढाईत बेपत्ता झाला होता. तिकडून आपले कैदी परत आले, त्यांत तो नव्हता. त्याची बायको तेवीस वर्षांची. तिच्या माहेरचे म्हणत होते, एकदा काय ते नक्की कळू दे, म्हणजे पोरीचं पुढचं बघता येईल. मावशी दर पत्रात लिहायची, विलायतेत तिकडची माणसं भेटतात ना तुला, कोणाला तरी विचार. लाहोरच्या डॉक्टरचे मामा त्यांच्या लष्करात बड्या हुद्द्यावर होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. माझा मानीपणा आडवा येत होता, दुसरं काही नाही.

आणि उघडलं ते असं. मामांकडून माझ्या भावाची खबर आणणार असशील तर ड्यूट्या घेतो, नाहीतर मला जमायचं नाही.

"नुसतं सांगितलं असतंस तरी विचारलं असतं," तो म्हणाला.

मी नाव, हुद्दा, पलटण लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. घरी येऊन बायकोला हा पराक्रम ऐकवला. ती कणीक मळत होती. "अहो, त्याची आई वाट बघतेय तिथे," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दहा दिवसांनी तो परत आला. त्याचा भाऊ वाळला होता, पण हातीपायी धड होता. मामांनी सगळ्या याद्या पाहिल्या, त्यानं सांगितलं, तुझ्या भावाचं नाव कुठेही नाही.

"खरंच विचारलंस?" मी म्हणालो.

"ठरलं होतं ना आपलं," तो म्हणाला आणि ऑपरेशन थिएटरकडे निघून गेला.

त्यानं विचारलंही असेल. किंवा सौदा मिटवायला दोन वाक्यं आणून दिली असतील. मित्र म्हणून विचारलं असतं तर त्याचा शब्द मी डोळे मिटून मानला असता. अटी घालून मिळवलेल्या उत्तरावर मात्र विश्वास बसेना. आठवडाभर मावशीचं पत्र समोर घेऊन बसलो. तो नाही, असं लिहायची हिंमत झाली नाही. शेवटी लिहिलं, चौकशी चालू आहे.

शहात्तरमध्ये वकिलाती पुन्हा उघडल्या. तोवर आम्हीही एका टेबलावर जेवायला लागलो होतो.

मावशीच्या सुनेनं मात्र माझ्या पत्रावर भरवसा ठेवला. माहेरच्यांना सांगितलं, थांबा, विलायतेतून चौकशी चालू आहे. आज ती सत्तरीला आली आहे. मंगळसूत्र तिनं अजून काढलेलं नाही.