अखंड दिव्याचं एनर्जी ऑडिट

अमेरिकेत घर घेतल्यावर मी एनर्जी ऑडिट करायचं ठरवलं. घरातून हवा कुठे गळते ते तपासून घ्यायचं आणि त्या खर्चावर टॅक्स क्रेडिट मिळवायचं. सवलतीचं हे शेवटचं वर्ष होतं. फॉर्मवर विचारलं होतं, घरात उघडी ज्योत आहे का? माझी शेगडी इलेक्ट्रिक. मी 'नाही' लिहिलं.

फॉर्म भरताना पुण्याहून आलेली आई माझ्या शेजारीच नवरात्राच्या अखंड दिव्यात तेल घालत होती. पण देवापुढच्या दिव्याला कोणी 'उघडी ज्योत' म्हणेल, हे मला सुचलंच नाही.

ऑडिटरने दारात मोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर खेचतो आणि मग फटींतून वारा आत येतो. सुरू करणार, तेवढ्यात त्याला दिवा दिसला. हा विझवावा लागेल, तो म्हणाला.

मी आईला सांगितलं.

"पाचव्या माळेला? त्याला म्हणावं, तुझा पंखा विझव!"

मी त्याच्याकडे बघून नुसतं हसले.

"मग पुढच्या आठवड्यात बोलाव."

"तारखाच नाहीत गं, आई. वर्ष संपेपर्यंत."

शेवटी तिनेच तोडगा काढला. दिव्यावरून दुसरा दिवा लावला, पहिला फुलाने शांत केला. "ज्योत तीच. म्हणजे अखंडच." वारा लागू नये म्हणून नवा दिवा कुकरच्या भांड्यात ठेवला आणि भांडं मांडीवर घेऊन ती ड्राइव्हवेमधल्या माझ्या गाडीत बसली. मी सवयीने तिला सीटबेल्ट लावला.

"मी कुठे चाललेय?" ती म्हणाली.

शेजारीण कुत्र्याला घेऊन थांबली. वर्षभर मी तिला लांबून हात करण्यापलीकडे गेले नव्हते. ती वाकून बघू लागली. बंद गाडी, आत आई, आईच्या मांडीवरच्या कुकरमधून उजेड.

"टॅक्ससाठी," मी म्हणाले.

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि कुत्र्याला ओढत नेलं.

पंखा थांबला, ऑडिटर बाहेर आला. पण आता खरा वारा सुटला होता. आई उतरेना. त्याने आपली टोपी काढून भांड्यावर धरली.

"वरून नको, गुदमरेल!" आई मराठीत ओरडली. त्याने टोपी मुकाट्याने बाजूला धरली.

आम्ही तिघं मुंगीच्या पावलांनी निघालो. उंबऱ्यावर ज्योत निळी होऊन वातीला चिकटली. कोणी हललं नाही. मग ज्योत हळूहळू उभी राहिली.

आत आईने तिच्यावरून देवापुढचा दिवा लावला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, तोही तोंड भिंतीकडे वळवून.