म्या धुतलेले बस्ते

आमच्या आरोग्याच्या कचेरीतली कोणतीबी मिसल मी डोळे मिटून काढून द्यायचो. डोळे उघडे ठेवून तरी काय करणार, मला वाचताच येत न्हवतं. आताबी मी बोलून राह्यलो अन् नातसून लिहून राह्यली.

मिसल म्हंजे फाइल. निजामाच्या टायमाचा शब्द, तोंडात बसला तो बसला. मी जालन्याच्या त्या कचेरीत चपराशी. मिसली कापडात बांधून ठेवायच्या, त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचे. लाल बस्ता देवीच्या रोगाचा. पिवळा कॉलऱ्याचा. पांढरा आमच्या नोकरीच्या कागदांचा. आमचे हेडक्लार्क हमीदसाब खुर्चीतूनच वरडायचे, "सखाराम, लाल!" की लाल हाजीर. बाहेरचा माणूस म्हणायचा, केवढा शिकलेला चपराशी हाय!

मंग मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. टेबलं तीच, माणसं तीच, सायब नवे नेमले, पुण्याकडचे. संगं हुकूम आला. जुन्या नोकरीचे कागद हैदराबादला पाठवा, रोगराईचे इथंच ठेवा.

नवे सायब येणार म्हणून मला वाटलं, कचेरी कशी चकाचक दिसाय पायजे. हमीदसाब लग्नाला परभणीला गेल्ते. म्या सगळ्या बस्त्यांची कापडं सोडली, एका घंगाळात सोडा टाकून भिजवली अन् कुंडलिका नदीवर नेऊन आपटली. कुणी सांगितलं न्हवतं. कुणी सांगितलेलं काम म्या कव्हाच एवढं मन लावून केलं न्हाई.

लाल बस्त्याच्या जाड खारव्यानं रंग सोडला. पिवळं गेलं, पांढरं गेलं, लालाचंबी अर्धं गेलं. वाळल्यावर पाहतो तर सगळी कापडं गुलाबी. तशीच बांधून ठेवली.

हमीदसाब आले अन् दारातच थांबले. "सखाराम मियां, लग्न मी परभणीला खाऊन आलो, मंडप इथं कुणी घातला?"

"मळले व्हते साब."

"आता पांढरे कोणते ते कसं कळायचं?"

इथं खरं बोललो असतो तर एका सकाळीत निपटलं असतं. हमीदसाबनं एकेक उघडून पाह्यलं असतं. पण मला लाज वाटली. म्हणलं, "साब, मला बराबर ध्यानात हाय. तुम्ही बिलकुल फिकीर करू नका." ते नव्या सायबाच्या यादीत गुंतले व्हते. म्या बस्ते हातानं तोलले, वजनदार ते नोकरीचे असं ठरवलं अन् पेटीत भरले. पेटी रेल्वेनं हैदराबादला गेली.

आठ दिवसांनी पिंपळगाव रेणुकाईहून एक म्हातारी आली. सोनाबाई तिचं नाव. बैलगाडीनं भोकरदन, तिथून मोटारीनं जालना. म्या दारात अडवलं.

"माय, सायब कामात हायेत."

"तुझा सायब कामात हाय, अन् माझ्या शेजारच्या घरात देवी निघाल्या. माझ्या घरात पाच नातवंडं हायेत, एकालाबी टोचलेलं न्हाई. देवीची ओटी मी भरीन, दाराला लिंब बांधीन, पण पोरायला आधी टोचा. हो बाजूला."

सायबानं आतून ऐकलं अन् तिला बोलावून घेतलं. माणूस चांगला. लगेच म्हणाले, "लस मागवा."

देवीची लस म्हंजे बारीक काचेच्या नळीतलं औषध. थंडाव्यात ठेवली तर कामाची, ऊन लागलं की वाया. कचेरीत एक नळी न्हवती. ती मागवायची तर इंडेंट, म्हंजे मागणीचा कागद, वर पाठवायचा. अन् त्या कागदाला मागल्या सालचं रजिस्टर जोडायचं. कोणत्या गावात किती लेकरं टोचली, ते त्यात.

"सखाराम, लाल!"

म्या एक गुलाबी नेला. निघाला रजेचा अर्ज. दुसरा नेला. विहिरीत टाकायच्या औषधाचे कागद. तिसरा नेला, त्यातबी विहिरीच. एकेक बस्ता उघडत गेला तसं हमीदसाबचं तोंड त्या कापडासारखं व्हत गेलं. देवीचा बस्ता हैदराबादला पोचला व्हता.

हैदराबादला तार केली. दोन दिवसांनी जवाब आला. तो भाग आता आमचा न्हाई, कागद पायजेत तर तुमच्या सरकारमार्फत मागा. नव्या वरच्या कचेरीला तार केली. जवाब आला की मागल्या सालचे आकडे जोडल्याबिगर मागणीचा विचार व्हणार न्हाई.

सायबानं दोन्ही तारा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "म्हणजे ज्यांच्याकडे आकडे आहेत त्यांचे आम्ही नाही, आणि ज्यांचे आम्ही आहोत त्यांच्याकडे आकडे नाहीत!" मंग माझ्याकडं पाह्यलं. "तुला वाचता येत नाही, नुसते रंग ओळखता येतात. ते रंगच धुतलेस?"

"सायब, मळले व्हते."

"जा हैदराबादला. पेटी घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

गेलो. तिथं एक मोठं दालन, जिल्ह्याजिल्ह्याच्या पेट्या छतापर्यंत. तिथला बाबू म्हणाला, "नंबर बोलो."

"नंबर न्हाई साब. गुलाबी हाय."

त्यानं चष्मा काढून पाह्यलं माझ्याकडं. दोन दिवस एकेक पेटी उघडली. साऱ्या दालनात गुलाबी बस्ते एकाच पेटीत निघाले. माझ्या धुण्याचा तेवढाच उपयोग. पण त्यातला देवीचा कोणता, हे मला कुठं कळतंय? आख्खी पेटी मागितली. बाबू म्हणाला, चिठ्ठी आणा. मी त्याच्या टेबलापुढं मांडी घालून बसलो. पहिल्यांदा त्यानं कायदा सांगितला, मंग मला उठवायला चपराशाला सांगून पाह्यलं, शेवटी चहाबी पाजला. तरी हाललो न्हाई. "ले जाव बाबा," म्हणाला, "और वापस मत आना."

जालन्याला उतरलो तर सायब पिंपळगावला गेल्ते. मी पेटी मोटारीच्या टपावर टाकली, भोकरदनहून बैलगाडी केली. वाटंत ठरवत व्हतो, सायब काय म्हणतील, शाबासकी कशी देतील. पेटी डोक्यावर घेऊन चावडीपुढं पोचलो.

तिथं पोरांची रांग लागली व्हती. टोचणारा एकेक दंड धरून टोचून राह्यला व्हता. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं, त्यात लसीच्या नळ्या.

"सायब, रजिस्टर आणलं!"

सायबानं मान वर केली न्हाई. टोचणाऱ्यानं सांगितलं. मी गाडीत बसलो त्याच दिवशी सायबानं बुलढाण्याच्या ओळखीच्या डॉक्टरला चिठ्ठी पाठवली. तेबी आता मुंबई राज्यातच. त्यानं दुसऱ्या दिवशी माणसासंगं लस धाडली. ना इंडेंट, ना रजिस्टर. तारांचे ते दिवस गेले नसते तर चिठ्ठी आधीच गेली असती.

अन् त्या दिवसांत सोनाबाईच्या मधल्या नातवाला देवी निघाल्या व्हत्या. पोरगं पुढं वाचलं. एका डोळ्यात फूल पडलं, तो डोळा गेला.

एवढ्या वर्षांत मी शिकलो ते इतकंच. जे आपल्याला समजत न्हाई, ते मळलेलं असलं तरी हात लावू नये.

चावडीपुढं सोनाबाई सगळ्यात धाकट्या नातीला मांडीवर घट्ट धरून बसली व्हती. म्या पेटी खाली ठेवून तिला म्हणलं, "माय, तुमच्या कागदासाठी पार हैदराबादला जाऊन आलो."

तिनं मला पाह्यलं, पेटीला पाह्यलं.

"पोरीच्या दंडाला टोचून राह्यलेत, कागदाला न्हाई. सरक तिकडं, उजेड अडवून उभा राह्यला."