तांबट आळीतला समुद्र

रंगनाथरावांच्या डोक्यात समुद्र घरी आणायचं खूळ शिरलं ते बायकोपायी. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, त्यामुळे त्या खुळाची पहिली ओल माझ्याच स्वयंपाकघरात आली.

माणूस हाडाचा कारागीर. हंडे, घंगाळी, यात्रेकरूंना गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी न्यायला झाकणबंद गडू, सगळं हाताने घडवलेलं. पण नाशकात स्टील आलं आणि रुखवतातसुद्धा तांब्याला कोणी विचारेना. सिंहस्थात तरी खप होईल म्हणून त्यांनी ढीगभर गडू करून ठेवले, तर लोक प्लॅस्टिकचे डबे घेऊनच गंगेवर उतरले. तेव्हा हातोडी जी खुंटीला लागली ती लागलीच. मग दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचे. मांजराशीसुद्धा भांडताना मी त्यांना पाहिलंय.

त्यांची बायको वत्सलाबाई समुद्रकाठच्या रेवदंड्याची. आमवाताने गुडघे आखडले आणि ती खाटेला खिळली. मूलबाळ नाही. दुपारी मी निवडायचं घेऊन तिच्याशी बसायची. सिंहस्थाच्या पुढच्या वर्षी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, एकदा समुद्र दाखवा हो." डॉक्टरांनी सांगितलं, घाट उतरायचं नाव काढू नका. ती रडलीबिडली नाही, पण तिचं ताट तसंच परत जाऊ लागलं.

"तू जाऊ शकत नाहीस ना? मग त्यालाच आणतो," रंगनाथराव म्हणाले.

मी फिदीफिदी हसले. पण हा गृहस्थ खरोखर कामाला लागला. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात जाड काचा, फटी बुजवायला लांबी. पहिल्यांदा पाणी भरलं ते रात्रीतून भिंतीखालून माझ्या डाळीच्या डब्यांपर्यंत पोचलं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र पेटी टिकली. देवळ्याचा निवृत्ती ट्रकने मुंबईला कांदा न्यायचा, तो परतताना कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणू लागला. रंगनाथराव स्वतः सासुरवाडीला जाऊन ओल्या गोणपाटात गुंडाळलेले खडक घेऊन आले. खडकांवर समुद्रफुलं होती. शंखात राहणारे खेकडे होते, बोटाएवढे मासे होते.

पाणी खेळतं ठेवायची युक्तीही त्यांचीच. वर फळीवर वाळूखडी भरलेला माठ. त्यातून गाळलेलं पाणी सलाईनच्या रबरी नळीने पेटीत पडायचं, पेटीतलं जास्तीचं खाली बादलीत, आणि बादलीतलं पुन्हा प्लॅस्टिकच्या मगाने माठात. हे काम ते दिवसभर करायचे, तक्रार न करता.

आणि वत्सलाबाई जेवायला लागली. खाटेवरून पेटीकडे बघत भाकरी संपवायची. "लता, बघ बघ, उमललं ते फूल! आता बोट लावलं ना, तर मिटेल." तिला सगळ्यांच्या खोडी माहीत होत्या. एका भांडखोर खेकड्याचं नाव तिने मामलेदार ठेवलं होतं. तो दुसऱ्याच्या शंखात घुसायला गेला की ती खुदखुदून हसायची. त्या घरात हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

एवढ्यावर थांबायचं ना! पण ती रबरी नळी सारखी दुमडायची, माठ तुंबायचा. शिवाय तांबटाच्या घरात दवाखान्यातली नळी! त्यांना ते सलत होतं. एके सकाळी भिंतीपलीकडून ठोके ऐकू आले. मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. रंगनाथरावांनी हातोडी खाली काढली होती.

नळी घडवली ती काय वर्णावी! पत्रा वळून, सांधा जुळवून, तोंडाला सुरेख गोमुख. "खारं पाणी कळकतं, हे मला कोणी शिकवू नये," म्हणत त्यांनी आतून कल्हईसुद्धा केली. चिंचेने घासल्यावर ती अशी लखलखली की आळीतली माणसं बघायला लोटली. दोघांनी आपल्या देवघरासाठी तसलंच गोमुख सांगितलं. रंगनाथराव पुन्हा रोज भट्टीपाशी बसू लागले. खेकसणं थांबलं, मांजराला दूध मिळू लागलं.

दिवाळी झाली आणि समुद्रफुलं मिटली ती उमललीच नाहीत. मग त्यांचा काला झाला. मासे तळाशी धापा टाकू लागले. रंगनाथराव वाळू धूत बसले होते तेव्हा मी वत्सलाबाईला म्हटलं, "असं कसं झालं हो?"

ती हळूच म्हणाली, "नळीनं."

"काय?"

"माझे वडील गलबतांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकायचे. का, तर समुद्रातलं काही लाकडाला चिकटू नये म्हणून. तांब्यापाशी ते जगतच नाही. कल्हई काय, खाऱ्या पाण्यात किती टिकणार?"

"अहो मग सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? तुमच्या हातानं घडवलेलं विष आहे म्हणून?" तिने आखडलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं. "ऐक, ठोके ऐकू येतात ना पुन्हा? तुला माझ्या गळ्याची शपथ आहे लता."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! पण शपथ घातली ना बयेने. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुढचे महिने मी जे बघितलं ते वैऱ्यालाही बघायला लागू नये. रंगनाथरावांनी वाळूवर संशय घेतला, ती बदलली. मग निवृत्तीला झापलं, "कुठल्या गटाराचं पाणी आणतोस रे?" तो बिचारा म्हणाला, "काका, समुद्र तोच शे, पाणी बी तेच शे." मग दृष्ट काढली. रेवदंड्याहून नवी खेप आणली, तीही गेली. आणि प्रत्येक खेपेला मोठ्या मायेने ती नळी उतरवून, काठीला चिंधी बांधून, चिंच-मीठ लावून आतून चोळायचे. उरलीसुरली कल्हई त्यातच गेली असणार. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, रबरी नळीच बरी होती बाई."

"रबरी?" ते असे बघायला लागले, जशी काही मी त्यांच्या आईला शिवी दिली. "तांब्यातलं पाणी कधी नासत नाही लताबाई. हजार वर्षं लोक काय वेडे म्हणून पितात?"

तिसऱ्या खेपेला मामलेदार तेवढा उरला. पहिल्यापासूनचा तोच एक. तो खडकाच्या टोकावर, पाण्याबाहेर येऊन बसायचा. रंगनाथराव त्याला पुन्हा पुन्हा उचलून पाण्यात सोडायचे आणि गोमुखाची धार त्याच्या अंगावर धरायचे. "ताजं पाणी घे लेका, बरं वाटेल." वत्सलाबाई उशीत तोंड खुपसून पडली होती. मी दारात उभी, पदराचा बोळा तोंडात. मामलेदार शंखातून अर्धा बाहेर निपचित लोंबला तेव्हाच त्यांनी हात मागे घेतला.

"उद्याच रेवदंड्याला जातो," ते म्हणाले. "या खेपेला डबल आणतो. नळीसुद्धा रुंद करतो."

वत्सलाबाई उठून बसली. कशी बसली तिचं तिला ठाऊक. "नको," ती म्हणाली. "काढून टाका ती पेटी. मला कंटाळा आला त्या समुद्राचा."

ते बघतच राहिले. "कंटाळा? अगं, तुझ्यासाठी..."

"रोज तेच ते. वासही येतो. नकोच ते."

त्यांनी तो प्लॅस्टिकचा मग उचलला आणि ते बादलीतलं पाणी मोरीत ओतायला लागले. पेटी मोडीत गेली. गोमुखांची कामं पुढे चांगली चालली, अगदी त्र्यंबकहूनही मागणी येऊ लागली. वत्सलाबाई त्यानंतर दोन वर्षं जगली. समुद्र काही तिने पुन्हा पाहिला नाही.

घरी कोणी पाहुणा आला की रंगनाथराव तिच्यादेखत तीच गोष्ट सांगायचे. "बायकांचं काही खरं नाही बघा. एवढा समुद्र घरात आणून दिला, तर हिला कंटाळा आला!" पाहुणे हसायचे. मला वाटायचं, सगळं भडाभडा ओकून टाकावं. पण तीच माझ्याआधी खाटेवरून बोलायची, "खरंय त्यांचं. माझं पहिल्यापासून असंच आहे. काही म्हणून फार दिवस आवडत नाही मला."