कॅप्टनचं कार्ड आणि रज्जाकभाईंचं विमान

१२ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे थंडी, आठपर्यंत धुकं. साडेआठला दुकानाच्या दारातून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. म्हणजे कॅप्टनच्या हिशेबाने उडण्याजोगी हवा.

डायरीत हवा लिहायची सवय मला कॅप्टन विश्वास कांबळेंनी लावली. त्याआधी मी 'आज पाऊस' एवढंच लिहायचो. ते म्हणाले, "दिनूदा, पाऊस कुठनं आला, लांबचं काय दिसत होतं, ते लिहा. नुसता पाऊस काय, बेडकालाबी कळतो!"

राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनजवळ अर्धवट छापलेले कागद साठतात तसे हे किस्से साठले. फेकवत नाहीत, आणि कुठल्या गठ्ठ्यात लावावेत ते कळत नाही. दुकानासमोरच्या बाकावर रोज सकाळी आम्ही चौघं बसायचो: कॅप्टन, रज्जाकभाई टेलर, गणिताच्या निवृत्त शिक्षिका शोभाताई आणि मी. कॅप्टन एप्रिलमध्ये गेले. त्यांचं एक काम राहून गेलं होतं, रज्जाकभाईंना विमानात बसवण्याचं. आज त्याचा दिवस होता. तो कसा गेला ते शेवटी लिहितो. आधी जुन्या डायऱ्यांत सापडलं ते.

*

कॅप्टन पहिल्यांदा दुकानात आले ते एक कार्ड लॅमिनेट करायला. आधी हवाई दल, मग एअरलाइन, अशी चाळीस वर्षं विमानं उडवून पासष्टाव्या वर्षी ते कोल्हापूरला राहायला आले होते. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: गॅस बंद. गिझर बंद. चष्मा. किल्ली.

मी विचारलं, "एवढं तर पाठच असतं की!"

"पाठ असतं तवाच माणूस चुकतो," ते म्हणाले. "विमानातबी सगळं पाठ असायचं. तरी रोज एकानं कार्ड वाचायचं, दुसऱ्यानं हात लावून बघायचं आणि 'चेक' म्हणायचं."

मशीन तापायला वेळ होता. मी म्हटलं, कार्ड ठेवून जा, उद्या न्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच कॅप्टन दारात उभे. कपडे कालचेच!

"काय झालं?"

"कुमुद गावाला गेलेली. दार ओढून घेतलं, किल्ली आत. रात्रभर मेव्हण्याकडं झोपलो."

"अहो, पण कसं काय?"

"कार्ड तुमच्याकडं होतं की!"

*

एकदा ते रिक्षात बसले होते. रिक्षावाला दोन्ही बाजूंच्या मोटरसायकलींमधून रिक्षा काढत होता. कॅप्टनना राहवेना. "जरा सावकाश घ्या."

"का हो पावणं, तुम्हीबी गाडी चालवता व्हय?"

"विमान चालवायचो."

रिक्षावाल्याने मागे वळून त्यांना नीट बघून घेतलं. "मग बसा की गप! तिथं समोरनं म्हस येत्या का?"

कॅप्टन हे आम्हाला सांगताना म्हणाले, "परीक्षेला बसून बसून आयुष्य गेलं. असला प्रश्न कुणी काढला न्हाई!"

*

हवाई दलात ते डोंगरातल्या चौक्यांवर विमानातून सामान टाकायचे. पीठ, रॉकेल, टपाल, सगळं पॅराशूटला बांधून. खाली उतरायला जागा नाही, आणि ढग आले तर दहा दहा दिवस फेरी नाही. हे ते अगदी सपाट आवाजात सांगायचे. आम्हीच श्वास रोखून ऐकायचो.

एकदा अशाच अकरा दिवसांनी ढग फाटले. त्यांनी सामान टाकलं. गोणी नेमक्या जागेवर पडल्या. खालून रेडिओवर आभार आले, आणि मागोमाग दुसरा आवाज आला. कागलकडचा कोणीतरी जवान होता.

"साहेब, सगळं पोचलं. पण गूळ आपल्याकडचा न्हाई. परत न्या!"

*

कॅप्टनच्या आई आजऱ्याच्या. काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडलेली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. त्या हातांवर घर चाललं आणि मुलगा शिकला.

मुलगा एअरलाइनमध्ये कॅप्टन झाल्यावर त्याने आईला आपल्याच विमानात बसवलं, पहिल्या रांगेत. विमान वर गेल्यावर माइकवर सांगितलं, "आज या विमानात माझी आई आहे. पहिल्यांदाच विमानात बसली आहे. मी इथं आहे तो तिच्यामुळं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी पदर सावरला आणि त्या कॉकपिटच्या बंद दाराकडे बघून खणखणीत आवाजात ओरडल्या,

"इश्वास! पुढं बघून चालीव! बोलत काय बसलाईस?"

*

पन्हाळ्याची सहल शोभाताईंनी काढली होती. दोन गाड्या, नऊ माणसं. निघताना कॅप्टननी कार्ड वाचलं, रज्जाकभाईंनी हात लावून बघितलं. सतरंजी? चेक. पाण्याचा कॅन? चेक. शोभाताईंची छत्री? चेक. परतताना गडाच्या तीन दरवाजापाशी पुन्हा तेच. एकेक नाव वाचलं, एकेक माणूस गाडीत बसला. दारं लागली. गाड्या निघाल्या.

गड उतरून वाघबीळला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "कॅप्टन कुठायत?"

रज्जाकभाई म्हणाले, "शोभाताईंच्या गाडीत की."

शोभाताई म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीत ना?"

आम्ही उलटे वर गेलो. कॅप्टन कठड्यावर बसून भाजलेलं कणीस खात होते. रज्जाकभाईंचा चेहरा रडवेला झाला.

"तुमची चूक न्हाई," कॅप्टन म्हणाले. "यादीत मी न्हवतोच!"

आणि खिशातून पेन काढून त्यांनी कार्डाच्या तळाशी एक ओळ वाढवली: 'वाचणारा सोबत?'

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कार्डावर शेवटची ओळ हीच.

*

आता रज्जाकभाईंचं.

त्यांची मुलगी शबाना मस्कतला. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्यापासून रज्जाकभाई इथे एकटे. नात चार वर्षांची झाली, तिला त्यांनी फक्त फोनवर पाहिलेलं. एकदा तिने विचारलं, "नाना, तुम्ही फोनमध्येच राहता का?" त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावे लावले.

पण विमानाची त्यांना भीती. दोनदा तिकीट काढून रद्द केलं. कॅप्टन कधी चिडले नाहीत.

"हवेतबी खड्डे असतात म्हणं?" रज्जाकभाई विचारायचे.

"असतात की. गगनबावड्याच्या एसटीत बसलाय न्हवं?"

"बसलोय."

"त्यापेक्षा कमी."

मार्चमध्ये कॅप्टन त्यांना घेऊन उजळाईवाडीला विमानतळाच्या दारापर्यंत गेले. रज्जाकभाई म्हणाले, "आलोच, घोटभर चहा घेऊन." आणि रिक्षाने थेट आपल्या दुकानात येऊन शिलाई मशीनवर बसले. मागून कॅप्टन आले. बॅग त्यांच्या हातात.

"माफ करा कॅप्टन. लाज वाटतीया."

"लाज कसली? धावपट्टी नीट दिसली न्हाई तर मी विमान परत वर घ्यायचो. एक चक्कर मारायचो आणि पुन्हा यायचो. प्रवासी शिव्या द्यायचे. पण सगळे घरी पोचायचे."

*

एप्रिलमध्ये कॅप्टन झोपेतच गेले. नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी कुमुदताई दुकानात आल्या. टेबलाच्या खणात एक कार्ड सापडलं होतं. वर लिहिलं होतं, 'रज्जाक. मस्कत. चक्कर दुसरी.'

मी ते लॅमिनेट केलं. कडा दोनदा दाबल्या. रज्जाकभाईंनी ते वाचलं आणि संध्याकाळी शबानाला फोन करून तिकीट काढायला सांगितलं.

आज साडेनऊला आम्ही विमानतळाच्या दारात होतो. शोभाताईंनी गाडी आणली होती. रज्जाकभाईंनी स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला होता, वरचं बटण चुकीच्या काजात. मी कार्ड धरलं. अक्षर कॅप्टनचं, आवाज माझा.

"पासपोर्ट?"

"चेक."

"दोन्ही तिकिटं?"

"चेक."

"नातीचा फ्रॉक?"

त्यांनी बॅगेवरून हात फिरवला. "चेक."

"सीट खिडकीची नको, कडेची?"

"चेक."

"हादरे बसले तर?"

"गगनबावडा. चेक."

पुढची ओळ वाचायच्या आधी मी थांबलो. मग वाचली. "परत फिरावंसं वाटलं तर, चहा आतबी मिळतो."

रज्जाकभाईंनी रस्त्याकडे बघितलं. एक रिक्षा रिकामी उभी होती. शोभाताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दिनूदा," ते म्हणाले, "हे त्यांनी कवा लिवलं?"

"मार्चमध्येच. खाली तारीख आहे."

मागे दोन माणसं ताटकळली होती. एक म्हणाला, "काका, जायाचं का न्हाई?"

"चेक," रज्जाकभाई म्हणाले.

आता एकच ओळ राहिली होती.

"वाचणारा सोबत?"

त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. शर्टाच्या खिशात ठेवलं. बटण काढून बरोबर काजात लावलं.

"चेक."

विमान १०.५२ ला उडालं. मुंबईला ११.४७ ला उतरलं. मस्कतचं विमान ४.२० ला सुटलं आणि तिथल्या वेळेने संध्याकाळी ५.२३ ला टेकलं. रज्जाकभाई आत होते, सीट १४ सी, कडेची.