शपथेचे कपडे

मी बोट दाखवलं. नागम्मा खाली चटईवर बसून काजं करत होती, दातांत दोरा धरून — आणि मी तिच्याकडे बोट दाखवलं. दारात तिघं उभे होते. त्यांतल्या एकानं कन्नडमध्ये एवढंच विचारलं होतं, "बाहेर कुणी सांगितलं?" दुकानात आम्ही दोघीच. सांगणारी मी होते.

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही, विठोबासमोर नाही. देवळात हात जोडते तेव्हा घाईघाईनं दुसरंच काहीतरी मनात आणते. पण आता वय झालं, आणि तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून लिहिते.

म्हैसूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शिंप्याचं दुकान. सासऱ्यांपासून पुढाऱ्यांचे पांढरे कपडे शिवतो. निवडणुकीचा निकाल लागला की बाकीच्यांची धावपळ संपते, आमची सुरू होते. मंत्री कोण होणार ती यादी दिल्लीहून यायला आठवडा लागतो, कधी जास्त. पण एकदा बोलावणं आलं की त्याच दिवशी शपथेला बंगळूर गाठायचं, मग कपडे शिवणार कधी? म्हणून ज्यांना आशा असते ते आधीच गुपचूप शिवून ठेवतात. जिल्ह्याला मंत्री दोन, आमच्याकडे शर्ट पाच जणांचे. ज्याचं नाव येत नाही तो कपडे न्यायला येत नाही. आपणही विचारायचं नाही. वर्षभरानं कॉलर बदलून ते कुठल्यातरी लग्नात खपवायचे.

अशांचं नाव आम्ही मापवहीत लिहीत नाही, फक्त कॉलरचं माप. तो आमदार आमच्या वहीत 'सतरा कॉलर' होता. इथंही तेवढंच लिहीन. नाव लिहायची हिंमत माझ्यात अजून नाही.

तोंड बंद ठेवायचं, एवढाच आमचा धंद्याचा नियम. सासऱ्यांनी पाळला, नवऱ्यानं पाळला. आणि मी? एकादशीला देवळात भजनाला बसलो होतो. माझी जाऊ जावयाचं कौतुक सांगत होती.

"त्याला बंगळूरची सगळी खबर असते. या खेपेला आपल्याकडचं कुणी होत नाही म्हणे."

"तुझ्या जावयाला काय कळतंय," मी म्हणाले. "मंत्री माझ्या खुंटीवर टांगलाय. तीन जोड."

"कुणाचे गं?"

मी नाव सांगितलं. बायका हसल्या. जावेचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं — प्रसादाची वाटी रिकामी होईपर्यंत असेल, पण वाटलं.

दोन दिवसांनी ते टीव्हीवर आलं. यादीचा पत्ता नाही आणि साहेबांचे शपथेचे कपडे तयार, असं म्हणून टीव्हीवाले हसत होते. आमची गल्लीही दाखवली. मग यादी आली. त्यात सतरा कॉलर नव्हता.

कपड्यांमुळे त्याचं नाव कापलं की जातीच्या हिशेबात गेलं, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसेल. पण राग काढायला दिल्ली लांब होती आणि आमचं दुकान जवळ.

ते तिघं आरडाओरडा करत आले असते तर मी इतकी घाबरले नसते. एक जण स्टुलावर बसला. "अज्जी, तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून साहेबांच्या घरचे कपडे तुमच्याकडे येतात ना?" टेबलावरची मोठी कात्री त्यानं उचलली, धार बघितली, परत जागच्या जागी ठेवली. मग तो प्रश्न विचारला. माझं बोट उठलं.

नागम्मा अठरा वर्षं आमच्याकडे काज-बटण करत होती. तिनं मान वर केली आणि "अक्का?" एवढंच म्हणाली. 'मी नाही' असं म्हणाली नाही. तिला वाटलं असेल, अक्काची चूक झाली, आत्ता सुधारेल. मी खाली बघितलं.

"चल, साहेबांसमोर सांग," स्टुलावरचा म्हणाला. तिनं सुई पदराला टोचली, उठली, गाडीत बसली.

मी शटर ओढून आत बसून राहिले. पोलीस ठाणं दोन गल्ल्यांवर. गेले नाही. फोन हातात होता. केला नाही. मुलाला वाचवायला मी असं केलं, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खोटं आहे. मुलगा त्या दिवशी शहराबाहेर बेळगोळला कारखान्याच्या गणवेशांची मापं घ्यायला गेला होता. मी फक्त मला वाचवलं.

अजून एक आहे — हे लिहायला मला चार दिवस लागले. दिवेलागणीला शटरवर हात पडला. "अक्का, मी आहे. उघडा." मी मशीनच्या मागे दबून बसले. तिच्याबरोबर ते असतील तर? असंच म्हटलं मनात. पण फटीतून मला तिचे पाय दिसत होते. दुसरे कुणाचेच नव्हते. चपला नव्हत्या. बराच वेळ ते पाय तिथंच होते. मग गेले.

तिथं काय झालं, मी तिला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर आली. मी दारातच म्हणाले, "थोडे दिवस येऊ नकोस. गिऱ्हाइकं घाबरतात." तिनं माझ्याकडे बघितलं, चटईजवळची आपली सुयांची डबी घेतली आणि निघाली. महिन्याभरात मेटगळ्ळीच्या वर्कशॉपमधलं तिच्या मुलाचं काम सुटलं. का सुटलं, कुणी सांगितलं नाही. दोघं सोसले नावाच्या खेड्यात तिच्या भावाकडे गेली.

पुढं मंत्रिमंडळ वाढवलं तेव्हा सतरा कॉलर मंत्री झाला. ड्रायव्हर येऊन तीन जोड घेऊन गेला. मी इस्त्री करून दिले. घडी सरळ घातली.

जावेला सगळं ठाऊक आहे — नाव मी तिच्यासमोरच तर सांगितलं होतं. तिनं एकदाही विषय काढला नाही, मीही नाही. भजनात आम्ही शेजारी बसतो. गल्लीत पांढरी गाडी थांबली की मी अजून आतल्या खोलीत जाते. आणि तरुण माणूस पायरीवर चढला की आधी चेहरा बघते — नागम्माचा मुलगा तर नाही? तिनं त्याला सांगितलं असेल का? मला माहीत नाही. त्या भीतीनं मी सोसल्याला कधी गेले नाही, ती आजारी असल्याचं कळलं तेव्हाही नाही.

त्या दिवशी दुकानात आम्ही दोघी होतो. नागम्मा पुढच्या पावसाळ्याआधी वारली. मी जिवंत आहे.