दरीकडच्या खिडकीची खोली

नायगारा मी दोनदा पाहिलाय, पण नायगारा म्हटलं की मला आठवतो बफेलोतल्या एका काकूंचा पोळपाट. त्याचा एक पाय आखूड होता आणि पोळी लाटताना तो टकटक वाजायचा. वॉशिंग्टनला चेरीचा बहर बघायला गेलो, तिथला आठवतो तवा. इलेक्ट्रिकच्या शेगडीवर तो तापेपर्यंत बहर ओसरला असता. ह्याचं कारण ऐंशीच्या दशकातली आमची प्रवासाची रीत. आम्ही मराठी माणसं तेव्हा अमेरिकेत हिंडायला निघालो की हॉटेलात उतरत नसू, 'कुणाकडे तरी' उतरत असू. ते कुणीतरी ओळखीचंच हवं असंही नव्हतं. आडनाव पुरायचं.

माझा नवरा ह्यातला दर्दी माणूस. हिवाळ्यात आमच्या नेपरव्हिलला बर्फ साठला की हा जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचा, आणि मग उरलेला हिवाळा आम्ही चौघं मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. त्या वर्षी वाळवंटातल्या दऱ्यांचा नंबर लागला होता. ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस, तिन्ही एकाच फेरीत. पार्कांची माहितीपत्रकं पोस्टानं आली आणि नवऱ्यानं पॉइंटांची मिनिटं वाटायला घेतली. एके दिवशी टेबल पुसताना मी वाचलं: 'सूर्यास्त, वीस मिनिटं.'

"आणि सूर्यालाच उशीर झाला तर?" मी विचारलं.

"मार्जिन ठेवलीय," तो मान वर न करता म्हणाला.

मुक्कामांची सोय तो दोन टप्प्यांत करायचा. आधी महाराष्ट्र मंडळाची डिरेक्टरी. त्यात वाळवंटातलं कुणी सापडेना, तेव्हा शनिवारी लायब्ररीत जाऊन त्यानं अॅरिझोना आणि युटाची टेलिफोन बुकं काढली आणि 'कर'नं संपणाऱ्या आडनावांवर बोट ठेवत गेला. संध्याकाळी फोन. "नमस्कार! आम्ही शिकागोजवळून बोलतोय. आपण मूळचे कुठले?" असा एक फोन लागला तर पलीकडचे गृहस्थ निघाले हंगेरीचे. पण माणूस इतका भला की सगळं ऐकून घेऊन तोही म्हणाला, जरूर या. नवरा त्यावर विचार करायला लागला होता. मी रिसीव्हर काढून घेतला आणि त्या बिचाऱ्याचे आभार मानले.

आम्ही काही फुकटे नव्हतो, हे सांगून ठेवते. आमचंही बेसमेंट कधी रिकामं नसायचं. कुणाच्या तरी मावसभावाचा मित्र तिथे कायम घोरत असायचा. पण ह्या देण्याघेण्यात माझी कशी गंमत व्हायची बघा. लोक आमच्याकडे आले की पोळ्या मी लाटायच्या, कारण घर माझं. आणि आम्ही लोकांकडे गेलो तरी पोळ्या मीच लाटायच्या, कारण पाहुणी बाई हातावर हात ठेवून बसली तर बरं दिसत नाही. "तुम्ही बसा हो, दमून आलात," असं म्हणत यजमानीण कणकेचा गोळा माझ्याकडे सरकवायची. वर्षभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहायचं, घरी आल्यावर ओट्याशी उभं राहायचं आणि सुट्टीत दुसऱ्याच्या ओट्याशी. डोंबलाची सुट्टी!

त्या माहितीपत्रकांतल्या एकात एक फोटो होता. कॅन्यनच्या अगदी कडेवरचं लॉज, त्यातली एक खोली, दोन पलंग, पांढऱ्या स्वच्छ चादरी, आणि खिडकीशी दोन खुर्च्या. खिडकीबाहेर नुसती दरी. मी तो फोटो फ्रिजवर लावला. मला एक रात्र त्या खोलीत राहायचं होतं. सकाळी कुणीतरी माझ्यापुढे नाश्ता आणून ठेवायला हवा होता आणि तो मी केलेला नको होता. एवढंच. पण ते मला इतकं हवं होतं की मी नवऱ्याला न सांगता रोज लंच ब्रेकमध्ये लॉजला फोन करायला लागले.

तिथली बाई पहिल्या दिवशी हसलीच. लोक वर्षभर आधी बुक करतात म्हणे. मीही चिवट. शेवटी शेवटी ती माझा आवाज ओळखायला लागली, आणि एके दिवशी म्हणाली, एक कॅन्सलेशन आहे, दरीकडची खिडकी आहे, एकच रात्र. "पण संध्याकाळी सहाच्या आत पोचा. सहा वाजले की खोली वेटिंग लिस्टवरच्या माणसाला."

घरी येऊन मी जाहीर केलं. नवऱ्याचा चेहरा पडला. "अगं, पण त्याच वाटेवर एक डॉक्टर सापडलेत! नागपूरचे! तासासव्वातासावर कॅन्यन. त्यांना मी येतो म्हणून सांगून बसलोय."

"चहाला येतो म्हणा," मी म्हटलं. "नुसत्या चहाला. बाकी सगळे मुक्काम तुमच्या मर्जीचे, ही एक रात्र माझी." तो कबूल झाला. चहा म्हणजे मराठी माणसांत काय प्रकरण असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जूनमध्ये निघालो. नवऱ्यानं आधीच बजावलं, "घड्याळांना कुणी हात लावायचा नाही. सगळा प्लॅन शिकागो टाइमवर केलाय." वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी मी निमूट पोळ्या लाटल्या. लाट बाई, म्हटलं, पुढे तुझी खोली आहे.

डॉक्टरांचं गाव म्हणजे एक रस्ता, एक दवाखाना आणि बाकी लाल धूळ. दुपारी पोचलो. डॉक्टर दारातच उभे होते, आणि पाचच मिनिटांत निघालं की ते आणि माझा नवरा नागपुरात एकाच मेसला जेवायचे, दोन वर्षं पुढेमागे. झालं! मेसचा आचारी, त्याची तर्री, धंतोलीत राहणारे कॉमन मित्र, सगळे एकेक करून हॉलमध्ये येऊन बसले. आमची मुलं टीव्हीपुढे लवंडली. चहा झाला. चहावर पोहे झाले. "हो, आता उठू," नवरा म्हणाला आणि मांडी घालून बसला.

मी निघायची आठवण करायला आत गेले, तर डॉक्टरांच्या पत्नी परातीत कणीक मळत होत्या. त्यांना मी वहिनी म्हणत होते. "जेवूनच जा हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा, दमला असाल." आणि कशी कोण जाणे, माझ्या हातात लाटणं आलेलं होतं! दोन पोळ्या लाटून झाल्यावर मला ते कळलं. मनगटावरच्या घड्याळात बघितलं, साडेसहा. शिकागोचे साडेसहा. इथे एक तास कमी, म्हणजे साडेपाच. वाट सव्वा तासाची. मी लाटणं ओट्यावर आपटलं आणि मला रडूच फुटलं.

"अगं बाई! काय झालं? भाजलं का?"

"गेली माझी खोली!" मी म्हटलं, आणि मग थांबेचना. फ्रिजवरचा फोटो, रोजचे फोन, दरीकडची खिडकी, बफेलोचा पोळपाट, सगळं त्या परक्या बाईपुढे ओकले. पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसले, त्यानं आणखी चुरचुरलं. "साडेपाच वाजले हो वहिनी. सहाला ते खोली देऊन टाकणार."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "साडेपाच कुठले? साडेचार वाजलेत."

"अहो, माझ्या घड्याळात..."

"अॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, ताई. तुमच्यात आमच्यात दोन तासांचा फरक." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. खरंच, साडेचारच वाजले होते. नवऱ्याच्या सबंध प्लॅनमध्ये हे कुठेच नव्हतं.

मी पदर सावरून हॉलकडे धावणार, तेवढ्यात मागे शेगडी बंद केल्याचा आवाज आला. वहिनी तव्याकडे बघत उभ्या होत्या. "तुम्ही निदान पोळ्या लाटून पुढे तरी जाता," त्या म्हणाल्या. "मी इथेच. कॅन्यन बघायला निघालेला प्रत्येक मराठी माणूस आमच्याकडे जेवून जातो. ह्यांनी फोन नंबर वाटलाय सगळीकडे."

"पण तुम्ही पाहिलाच असेल ना कॅन्यन?"

"पाहिलाय की! पाहुण्यांबरोबर जाते ना. पार्किंग लॉटमध्ये गाडीची डिकी उघडते आणि डबे लावते. सगळे बघून येतात, मग त्यांना वाढते, मग अंधार होतो." हे सांगताना त्यांनी हात धुतले, कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि पर्स खांद्याला लावली. "खोलीत पलंग किती आहेत?"

"दोन."

"मग चला."

हॉलमध्ये दोघं पुरुष एका प्राध्यापकाची नक्कल करत होते. "आम्ही निघतो," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "हो हो, बसा ना," डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि परत प्राध्यापकांकडे वळला. टीपॉयवरच्या किल्ल्या मी उचलल्या त्याही त्याच्या नाकासमोरून. मुलांना उठवलं. मुलगी म्हणाली, "मॉम, व्हॉट अबाउट डॅड?" मी म्हटलं, "डॅडला वीस मिनिटांची मार्जिन आहे. बस गाडीत."

हायवेवर तो मला कधी ड्राइव्ह करू द्यायचा नाही, वेळ हुकते म्हणून. त्या दिवशी मी जी गाडी हाणली! वहिनी शेजारी बसून घड्याळ बघत होत्या आणि "अजून आहेत, अजून आहेत," म्हणत होत्या. लॉजच्या काउंटरवर धापा टाकत पोचलो तेव्हा सहाला अगदी थोडा अवकाश होता. काउंटरवरची बाई माझा आवाज ऐकून म्हणाली, "ओह, इट्स यू!" आणि तिनं किल्ली पुढे केली.

खोली फोटोतल्यासारखीच होती. खिडकीशी दोन खुर्च्या होत्या, दोघींना पुरतील अशा. बाहेर दरी तांबडी झाली, मग जांभळी, मग खालून निळी होत वर आली. सूर्यास्ताला वीस मिनिटं? कपाळ! आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो. मला फार आनंद झाला होता. वहिनी एकदाच बोलल्या. "मी हा पहिल्यांदा बसून बघतेय," म्हणाल्या.

मग खोलीतला फोन वाजला.

"अगं, तुम्ही निघालात कधी?" नवरा. "आम्हाला वाटलं, आत स्वयंपाक चाललाय!"

"अॅरिझोनाच्या साडेचारला."

 पलीकडून जपून प्रश्न आला, "मग जेवणाचं?"

वहिनींनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "कणीक भिजवलेली आहे, फडक्याखाली," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पोळपाट ओट्यावरच आहे." आणि फोन ठेवून दिला. आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलं म्हणाली, "आर यू ओके?"

सकाळी डायनिंग रूममध्ये खिडकीजवळचं टेबल मिळालं. वेट्रेसनं आमच्यापुढे पॅनकेक ठेवले आणि विचारलं, आणखी काही हवं का. मी म्हटलं, काही नको, हेच हवं होतं. तेवढ्यात दोघे पुरुष आत आले. कपडे कालचेच, डॉक्टरांच्या कोपराला पीठ लागलेलं. नवऱ्याच्या हातात स्टीलचा डबा होता. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि मुकाट्यानं झाकण काढलं. आत पोळ्या होत्या. मधे कच्च्या, कडेनं करपलेल्या, आणि एकीला चक्क भोक.

"पुढच्या पाहुण्यांना तुम्ही घरी ह्याच घाला," वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या. "मी त्यांना कॅन्यन दाखवायला आणीन. डबे न आणता." डॉक्टरांनी मान खाली घालून खुर्ची ओढली.

नवरा माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं माझ्यासाठी केलेली ही पहिली पोळी. मी पॅनकेकची बशी बाजूला सारली आणि दरीकडे बघत ती करपलेली पोळी सगळी खाल्ली.

"कशी झालीय?" त्यानं विचारलं.

"वाईट," मी म्हटलं. "आणखी एक द्या."