बाकी आणि बाक्!ई

गुरुवार, संध्याकाळचे सहा. आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या कम्युनिटी हॉलची मागची खोली. हीटर बंद.

बातमीदारीतून निवृत्त होऊन सुनेकडे राहायला आले, तेव्हा वाटलं, आता किस्से संपले. पण चार माणसं चहाला जमली की किस्से आपोआप साचतात, सिंकमधल्या कपांसारखे!

आमच्या त्या खोलीत भाषांची अदलाबदल चालते. सून ऋचा मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये आहे. तिथली इंजिनिअर हदिझा मूळची नायजेरियातल्या कानोची. ती आम्हाला हौसा शिकवते, आम्ही तिला मराठी.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाकी म्हणजे तोंड. बाक्!ई म्हणजे पाहुणे."

आमचे शेजारी कुलकर्णी म्हणाले, "आमच्यात बाकी म्हणजे उरलेलं!"

"मग पाहुण्यांना नीट बोलवा," हदिझा म्हणाली, "नाहीतर नुसती तोंडं येतील!"

*

तो 'क्!' फुफ्फुसातल्या हवेवर निघत नाही. श्वास घशाशी कोंडायचा, जड बादली उचलताना कोंडतो तसा. जीभ 'क'साठी मागे टेकवायची, कंठ वर ढकलायचा आणि जीभ झटकन सोडायची. बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज येतो.

कुलकर्ण्यांनी श्वास कोंडला आणि सोडायचंच विसरले. चेहरा लाल, डोळे बाहेर. हॉलचा केअरटेकर दारातून ओरडला, "युअर मॅन इज चोकिंग!" आणि धावत येऊन त्याने कुलकर्ण्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की खोलीभर घुमलं, "क्!"

हदिझाने टाळ्या वाजवल्या. "परफेक्ट! आता गुद्द्याशिवाय!"

*

पुढचा धडा 'ब' आणि 'ड'चा. आपला 'ब' म्हणताना हवा बाहेर पडते. हौसातला एक 'ब' उलटा. ओठ मिटायचे, आवाज काढता काढता कंठ खाली ओढायचा. ओठ उघडले की हवा किंचित आत जाते. 'ड'चंही तसंच, फक्त जिभेने.

आम्ही सगळे घशावर बोट ठेवून बसलो. कुणाचा कंठ खाली जाईना. मी तर नुसती आवंढे गिळत होते.

उल्हासनगरच्या कविता लालवानीने पहिल्याच झटक्यात दोन्ही काढले! हदिझा खुर्चीवरून उठलीच.

"अहो, हे तर सिंधीत आहेत," कविता म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "काकू, शाळेत बाई मला उभं करून या 'ब'वरून वर्ग हसवायच्या. आज पहिल्यांदाच कुणी टाळ्या वाजवल्या."

*

माझ्या नातवाला 'ळ' येत नाही. 'बाळ' म्हण म्हटलं तर 'बाल' म्हणतो, वर आयरिश हेल काढून सांगतो, "इट्स द सेम थिंग, आजी!" सगळे म्हणतात, किती गोड!

हदिझाच्या पाच वर्षांच्या झैनबला मात्र घशातला 'क्!' येतो. इंग्रजी बोलतानाही तो मधूनच उडतो. शाळेने तो ऐकला आणि ठरवलं, पोरीच्या घशात दोष आहे!

मी हदिझाबरोबर शाळेत गेले. टीचर प्रेमळ बाई, चहा वगैरे दिला. म्हणाली, "काळजी नको, आम्ही जरा टायडी करतोय."

"टायडी करायला तिचा घसा काय प्रेस आहे?" मी विचारलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी ज्या प्रेसमध्ये केस पांढरे केले, ती वेगळी.

"तिच्या भाषेतलं ते अक्षर आहे, हे तुम्ही कुणाला विचारलंत?"

टीचर हसली. "शी विल बी ग्रँड!" इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीकठाक.

हदिझाने टेबलाखालून माझा हात दाबला. "काकू, नको. रोज सकाळी तिला इथेच सोडायचंय मला."

मी चहा संपवला. शाळेत पोरीचा तो 'क्!' घालवायचा सराव चालू राहिला. काही महिन्यांनी शाळेच्या फाटकाशी टीचरने अंगठा वर करून सांगितलं, "शी इज ग्रँड नाऊ!"

*

ईदला हदिझाने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. कुलकर्णी दारातच छाती फुगवून म्हणाले, "बाक्!ई!" गुद्द्याशिवाय! हदिझा इतकी हसली की हातातला डाव भाताच्या पातेल्यात पडला.

तेवढ्यात कानोहून झैनबच्या आजीचा फोन आला. हदिझाचे हात भाताने भरलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. मागचा गलका ऐकून आजीने नातीला विचारलं, घरी कोण आलंय?

झैनबने आमच्याकडे पाहिलं आणि हौशीने सांगितलं, "बाकी!"

आजी खदखदून हसली. हदिझाने आम्हाला सांगितलं, "आई विचारतेय, किती तोंडं आलीत?" आम्हीही हसलो.

झैनब हसली नाही. तिने श्वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा म्हणाली, "बाकी."

मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. "बाकी!"

आजीचं हसू थांबलं. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. हदिझा पदार्थ वाढता वाढता थबकली.

कविताने विचारलं, "काय म्हणतायत?"

"विचारतेय, हिला यायचं ते. कुणी नेलं?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे आजी उत्तराची वाट बघत होती. टेबलाभोवती आम्ही सगळी तोंडं मिटून बसलो होतो.